हिरव्या दिव्याचा अर्थ

मराठीच्या प्राध्यापकाला निवडणुकीचे काम लागले की विभागात दोन-चार दिवस त्याची थट्टा चालते. 'आता सर ज्ञानेश्वरी मिटून मशीन उघडणार' असे कोणीतरी म्हणते. तोही हसतो आणि आदेश रद्द होण्याची मनातल्या मनात वाट पाहतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५९ नुसार विद्यापीठांना आणि मुख्यतः शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांना निवडणुकीसाठी कर्मचारी उपलब्ध करून द्यावे लागतात, त्यामुळे थट्टा झाली तरी जावे लागतेच. १३ मे २०२४ रोजी लोकसभेच्या चौथ्या टप्प्यात औरंगाबाद मतदारसंघात मतदान झाले, तेव्हा मीही एका गावातल्या मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष म्हणून गेलो होतो. (शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, मतदारसंघाचे नाव मात्र परिसीमनाच्या आदेशात होते तेच राहिले आहे. नावांचा हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.)

त्या दिवशी तेरा-चौदा तास मी मुख्यतः दोन-तीन छोट्या दिव्यांकडे पाहत होतो. त्यातून माझे एक मत बनले. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे ते ठेवावे म्हणून हा लेख. मत असे की, सूचना देणारे गद्य हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. आपण तो क्षुद्र मानून सोडून दिला आहे आणि त्याचे मोल ज्यांना परवडत नाही अशी माणसे मोजत आहेत.

आधी यंत्राविषयी थोडे. मतदानयंत्र म्हणजे हातात उचलून नेता येतील अशा तीन पेट्या. पहिली केंद्रावरच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असते, ती कंट्रोल युनिट. दुसरी मतदान कक्षात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे, ती बॅलट युनिट; तिच्यावर उमेदवारांची नावे, चिन्हे आणि निळी बटणे असतात. तिसरी व्हीव्हीपॅट, म्हणजे चिठ्ठी छापून काचेआड दाखवणारी पेटी. बॅलट युनिटची वायर व्हीव्हीपॅटमध्ये जाते आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटमध्ये. सगळ्याचा जीव कंट्रोल युनिटच्या मागच्या कप्प्यातल्या एका कळीत असतो. ती वर केली की एक आवाज होतो, 'ऑन'चा हिरवा दिवा लागतो आणि छोट्या पडद्यावर यंत्र आपली स्थिती सांगू लागते. व्हीव्हीपॅट स्वतःच्या तपासणीच्या काही चिठ्ठ्या छापून खाली टाकते. यानंतर यंत्र जे बोलते ते बहुतेक दिव्यांतूनच.

मतदान सकाळी सातला सुरू होणार होते. त्याच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते टाकून यंत्राची परीक्षा घ्यायची असते. मेच्या महिन्यातही साडेपाचला शाळेच्या त्या खोलीत पुरेसे उजाडलेले नव्हते. मी कळ वर केली. आवाज झाला, हिरवा दिवा लागला, मला हायसे वाटले. आणि लगेच पडद्यावर 'लिंक एरर' अशी अक्षरे आली. माझ्या तोंडाला कोरड पडली. यंत्र बिघडले, आता दुसरे मागवावे लागणार, प्रतिनिधी काय म्हणतील, असे सगळे क्षणात डोळ्यांपुढून गेले. प्रशिक्षणाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून एका शोधप्रबंधाचे प्रकरण तपासत होतो, हे इथे कबूल केले पाहिजे.

केंद्रावर तिसऱ्या मतदान अधिकारी म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांनी अक्षरे वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, लिंक म्हणजे वायर. नीट बसली नसेल. आधी बंद करा." वायर लावण्या-काढण्यापूर्वी कंट्रोल युनिट बंद करायचे हा नियम मला ठाऊक होता, पण त्या क्षणी आठवला नव्हता. बंद केले, जोड पुन्हा बसवला, टकदिशी आवाज आला, पुन्हा कळ वर केली. यंत्र सुरू झाले. माझ्यासारख्या वाचनावर जगणाऱ्या माणसाने दोन शब्दांचा मजकूर वाचला होता 'संकट' असा. बाईंनी तो वाचला 'वायर' असा. त्यांचे वाचन बरोबर होते.

आता या यंत्राच्या दिव्यांचे व्याकरण पाहू. मतदार आला, त्याच्या बोटाला शाई लागली, की अधिकारी कंट्रोल युनिटवरचे 'बॅलट' हे बटण दाबतो. त्यासरशी त्याच्यासमोर 'बिझी'चा लाल दिवा लागतो आणि त्याच क्षणी आडोशामागे मतदारासमोर 'रेडी'चा हिरवा दिवा लागतो. मतदाराने बटण दाबले की हिरवा जातो आणि निवडलेल्या चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि तुटून खाली पडते. मग एक लांब आवाज होतो आणि दोन्हीकडचे लाल दिवे विझतात. एक मत पूर्ण झाले.

यात मला सर्वांत विचार करण्यासारखी वाटली ती मधली अवस्था. घटना एकच आहे: यंत्र एका मतासाठी उघडले आहे. पण त्या घटनेची खूण एका वाचकाला लाल दिसते आणि दुसऱ्याला हिरवी. अधिकाऱ्याला सांगितले जाते 'थांब', मतदाराला सांगितले जाते 'चल'. गुप्ततेमुळे अधिकाऱ्याला मतदाराचा दिवा दिसू नये अशी व्यवस्था असते आणि मतदार अधिकाऱ्याच्या दिव्याकडे पाहत नाही. दोघांना समान असलेली खूण एकच, ती म्हणजे शेवटचा आवाज. दृष्टिहीन मतदार तर बॅलट युनिटवरचे ब्रेल आकडे बोटांनी वाचतो आणि त्या आवाजावरच मत पूर्ण झाल्याचे ओळखतो. अर्थ वाचकाच्या स्थानावर अवलंबून असतो, असे आपण वर्गात किती वेळा सांगतो! इथे ते विधान टेबलावर ठेवलेले होते.

दहाच्या सुमारास सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आडोशामागे गेले, थोडा वेळ थांबले आणि बाहेर आले. आवाज झाला नव्हता. टेबलावरचा लाल दिवा तसाच होता. ते दाराकडे निघाले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवले. "बाबा, बटण दाबलं का?" ते म्हणाले, "हिरवा लागला की बाई. झालं म्हणून आलो." ते पुन्हा आत गेले, बटण दाबले, आवाज झाला, हसत बाहेर आले. त्यांनी हिरव्याचा अर्थ 'झाले' असा लावला होता. यंत्राचा अर्थ होता 'आता करा'. बाईंचे लक्ष नसते तर त्यांचे मत त्या दिवशी पडले नसते आणि ते पडले असे समजून ते घरी गेले असते.

तासाभराने एक मध्यमवयीन शेतकरी बाई बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन. "सर, लाल लागलं हो. माझं मत बाद झालं का?" चिन्हाशेजारचा लाल दिवा पाहून त्या इतक्या घाबरल्या की शेजारी दिसणाऱ्या चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्यांचे मत व्यवस्थित पडले होते. पण त्या ज्या मनाने परत गेल्या, त्या मनाची नोंद कुठल्याही नमुन्यात होत नाही.

यावर 'लोक अडाणी आहेत' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते खोटे वाटते. याच गावातला शेतकरी रात्री विहिरीवर जाऊन मोटरच्या स्टार्टरपाशी तीन दिवे पाहतो: लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले म्हणजे थ्री फेज आली, मोटर चालू करता येते. एक विझलेला असेल तर चालू करायची नाही, नाहीतर मोटर जळते. हे वाचन तो अंधारात, झोपेत, चूक न करता करतो. त्याच्या जगात लाल दिवा लागणे ही वाईट बातमी नाही. म्हणजे दिवे वाचण्याची शक्ती त्याच्यात आहे. त्या तीन दिव्यांचा संकेत त्याला कोणीतरी, त्याच्या भाषेत, हाताला धरून शिकवलेला आहे. मतदानयंत्राचे दिवे मात्र तो पाच वर्षांतून एक-दोनदा, काही सेकंद, एकटा आणि कोणाला न विचारता वाचतो.

सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून आपण शिकवत आलो आहोत की, चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचे नाते यादृच्छिक असते, ते समाजाच्या संकेताने ठरते. आपल्याकडे मम्मटानेही वाच्यार्थाचा आधार संकेत हाच मानला. अभिधा संकेतावर उभी राहते. संकेत ठाऊक नसेल तर शब्द नुसता ध्वनी उरतो आणि दिवा नुसता उजेड. पण काव्यशास्त्र याच्या पुढची गोष्टही सांगते. शब्दाला व्यंजना असते आणि ती वाचकाच्या संस्कारातून जागी होते. लाल रंगाला आपल्या रस्त्यांनी, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांनी, रुग्णालयांनी एक व्यंजना दिली आहे. यंत्र बनवणाऱ्याला लाल दिव्यातून फक्त 'इथे नोंद होत आहे' एवढा वाच्यार्थ हवा होता. त्या बाईंना ऐकू आला तो व्यंग्यार्थ. कवितेत आपण अशा वाचकाला सहृदय म्हणतो. मतदान केंद्रावर तीच सहृदयता तिला रडवते. म्हणून सूचना लिहिणाऱ्याने व्यंजनेचा विचार कवीइतकाच करायला हवा, फरक एवढाच की कवी तिला जागवतो आणि याने तिला निजवायचे असते.

आता शब्दांकडे येऊ. 'रेडी' आणि 'बिझी' हे शब्द प्रशिक्षणात जसेच्या तसे वापरले जातात. कोणी भाषांतर केलेच तर 'सज्ज' आणि 'व्यग्र' असे काहीसे होते. शब्दाला शब्द मिळतो आणि अर्थ हरवतो. 'सज्ज' कोण? यंत्र की मतदार? भाषांतराच्या तासाला आपण सांगतो की शब्दाचे नव्हे, प्रयोजनाचे भाषांतर करा. 'रेडी'चे प्रयोजनानुसार मराठी होते 'आता बटण दाबा'. 'बिझी'चे होते 'आत मतदार आहे'. चिन्हाशेजारच्या लाल दिव्याचे होते 'तुम्ही हे निवडले'. शेवटच्या आवाजाचे होते 'मत पडले'. यंत्राची अवस्था सांगणारे शब्द काढून वाचकाने करायची कृती सांगणारे शब्द ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

हे मला सुचले नाही, आधी बाईंना सुचले. ते दोन प्रसंग घडल्यावर त्या प्रत्येक मतदाराला शाई लावून झाली की एकच वाक्य सांगू लागल्या: "हिरवा दिसला की बटण दाबा, चिठ्ठी बघा, आवाज झाला की या." मी ते वाक्य त्या दिवशी शेकडो वेळा ऐकले. चार क्रिया, त्या घडतात त्याच क्रमाने. एकही विशेषण नाही, एकही परका शब्द नाही. आणि लाल रंगाचा उल्लेख मुद्दाम टाळलेला. त्या वाक्यानंतर कोणी बटण न दाबता बाहेर आले नाही. गेल्या काही वर्षांत वाचलेल्या मराठी गद्यात यापेक्षा नेमके वाक्य मला आठवत नाही.

इथे एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. दिवा नीट वाचता आला म्हणजे यंत्र विश्वासार्ह ठरते का? ठरत नाही, आणि हेही वाचनाचाच भाग आहे. 'रेडी'चा दिवा एवढेच सांगतो की यंत्र एक मत घ्यायला उघडे आहे. ते मत खरेच त्याच नावापुढे नोंदले गेले का, हे तो सांगत नाही; तसे सांगण्याची त्याची पात्रताच नाही. यासाठीच दुसरा पुरावा लागतो. या यंत्राचा इतिहास पाहिला तर तो बराचसा अशा पुराव्यांच्या मागणीचा आणि शब्दांच्या अर्थाचा इतिहास आहे. १९८२ साली केरळमधल्या परवूर मतदारसंघात काही केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरले गेले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यातल्या मतपत्रिका आणि मतपेटी या शब्दांत यंत्र बसत नाही. वाच्यार्थ तेवढा ताणता येणार नाही. मग कायद्यात कलम ६१ क घालावे लागले, ते १९८९ साली अमलात आले. २००४ च्या लोकसभेपासून ही यंत्रे देशभर आली. चिठ्ठीची सोय २०१३ साली नागालँडमधल्या नोकसेन पोटनिवडणुकीत प्रथम झाली आणि २०१९ च्या लोकसभेत सर्वत्र. त्याच वर्षी न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घ्यायला सांगितले. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी मान्य झाली नाही, मात्र चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर पंचेचाळीस दिवस मोहोरबंद ठेवण्याचा आदेश झाला.

हा वाद इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यातली वाचनाची बाजू दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाच्या निकालानंतर तक्रार झाली की काही यंत्रांच्या पडद्यावर दिवसभराच्या मतदानानंतरही बॅटरी ९९ टक्के दिसत होती. आयोगाचे उत्तर असे होते की, बॅटरीचा दाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडदा ९९ टक्केच दाखवतो आणि त्याखाली गेल्यावर प्रत्यक्ष टक्केवारी दिसू लागते. तक्रारीच्या आणि उत्तराच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. पण '९९ टक्के' हा आकडा पाहणारा प्रत्येक माणूस आपल्या मोबाईलच्या सवयीने तो वाचणार, हे उघड आहे. ज्या आकड्याचा संकेत आधी सांगितलेला नसतो, तो खरा असूनही खोटा वाटतो. आणि एकदा वाटला की नंतरचे स्पष्टीकरण सारवासारवीसारखे ऐकू येते. संकेत आधी सांगायचा असतो, हा भाषेचा पहिला नियम आहे.

याचे महत्त्व किती? याच औरंगाबाद मतदारसंघाचा २०१९ चा निकाल ४,४९२ मतांच्या फरकाने लागला होता. शेकडो केंद्रांवर प्रत्येकी दोन-चार माणसे हिरव्याचा अर्थ 'झाले' असा लावून घरी गेली, तर किती होतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. पण मला आकड्याहून त्या रडवेल्या बाईंचे महत्त्व अधिक वाटते. निकाल त्यांच्या मताने बदलला असता की नाही हा प्रश्नच नाही. त्यांनी आपला हक्क बजावला आणि तो बजावला गेला हे त्यांना कळले नाही.

आता आपल्याविषयी. व्यावहारिक मराठी किंवा उपयोजित मराठी नावाचा विषय आपल्या अभ्यासक्रमांत बऱ्याच वर्षांपासून आहे. बहुतेक विभागांत तो कोणाला नको असतो. नवीन आलेल्या सहकाऱ्याकडे सरकवला जातो. त्यात आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात शिकवतो, पाठ करून घेतो आणि विसरतो. मीही तेच केले आहे. औषधाच्या वेष्टनावरची सूचना, रक्तातली साखर मोजण्याच्या यंत्राची पुस्तिका, मतदान केंद्राच्या दारावरचा फलक यांना आपण गद्य मानत नाही. परिणामी ते कोणीतरी घाईने इंग्रजीवरून उतरवतो, आणि पुढे आपणच त्या मराठीला हसतो.

माझा आग्रह साधा आहे. या विषयाच्या वर्गात एकदा तरी एखादे खरे उपकरण ठेवावे. विद्यार्थ्याने ते स्वतःच्या हाताने सुरू करावे, त्याचे दिवे पाहावेत आणि शाळेत न गेलेल्या माणसाला ऐकून कळेल अशी सूचना जास्तीत जास्त चार वाक्यांत लिहावी. मग ती अशा माणसाला खरोखर वाचून दाखवावी आणि तो काय करतो ते पाहावे. त्याने चूक केली तर दोष वाक्याचा धरावा. समीक्षेचा इतका कठोर निकष आपल्याकडे दुसरा नाही. इथे दुसरा अन्वयार्थ संभवतो असे म्हणून सुटका होत नाही. आणि ज्यांना निवडणुकीचे आदेश येतात त्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती की, प्रशिक्षणात पुढच्या रांगेत बसावे, यंत्राला हात लावावा आणि दिव्यांचा अर्थ आपल्या गावाच्या बोलीत आधीच तयार ठेवावा. ही साहित्यसेवा नव्हे असे कोणी म्हटले तर वाद घालू नये, काम करावे.

संध्याकाळी सहाला रांगेतला शेवटचा मतदार बाहेर पडला. शेवटचा आवाज झाला, लाल दिवा विझला. मी 'क्लोज'चे बटण दाबले, एकूण मतांचा आकडा सतरा ग नमुन्यात लिहिला, प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या आणि मागची कळ खाली केली. हिरवा दिवाही गेला. बाई वायरी गुंडाळत होत्या. मी त्यांना म्हटले, "मॅडम, तुमचं ते वाक्य फार चांगलं होतं." त्यांना कोणते वाक्य ते कळले नाही. त्यांनी ते वाक्य म्हणून कधी पाहिलेच नव्हते. ते तसे पाहणे हे माझे काम होते, आणि इतकी वर्षे मी ते केले नव्हते.